साबणाचा वानेरा

नरसिंग बिरादारनं गळ्यात टाय बांधून देवणीच्या बाजारात पहिलं पाऊल टाकलं, तेव्हा बाजार क्षणभर थांबला. उपरण्याखाली बोटं धरून बैलांचा सौदा करणाऱ्या दलालांनी हात बाहेर काढले, चहावाल्याची किटली वाकली ती तशीच राहिली, आणि एका म्हाताऱ्यानं शेजारच्याला विचारलं, "ह्येच्या गळ्यात दावं कुणी बांधलं रे?"

दावं बांधलं होतं कंपनीनं. कंपनी मुंबईची, आणि मुंबईच्याही पलीकडं साहेबाच्या मुलखातली. अंगाचा साबण, कपड्याचा साबण, नीळ, दंतमंजन, चहा. सकाळी डोळे उघडल्यापासून माणसाला जे जे लागतं ते सगळं ती करायची. तिचं नाव इतकं लांब होतं, की नरसिंगच्या आईनं, नागुबाईनं, ते पाठ करायचा नाद सोडला आणि "पोरगं साबणात लागलंय" एवढंच सांगायला सुरुवात केली. ऐकणाऱ्याला वाटे, पोरगं कुठल्या तरी लाँड्रीत आहे. मग नागुबाई हुकमाचं पान टाकी, "टाय लावून जातंय!"

ही नोकरी नरसिंगला मिळाली ती जिल्ह्यामुळं. ब्याऐंशी साली उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं. लातुरात फटाके उडाले, पेढे वाटले गेले. तिकडं मुंबईत कंपनीच्या हापिसात भिंतीवर एक मोठा नकाशा होता. त्यावर जिल्हा दिसला की तिथं एक टाचणी टोचायची आणि टाचणीखाली एक माणूस ठेवायचा, असा त्यांचा रिवाज. लातूरची टाचणी टोचली गेली आणि तिच्याखाली बी. कॉम. पास झालेला, उदगीरच्या एका दुकानात माल मोजत बसलेला नरसिंग सापडला. तो अभिमानानं सांगायचा, "कलेक्टरसाहेब आणि मी एकाच हंगामातलं पीक हाय."

जिल्हा नवा असला तरी लोकांच्या जिभेवर जुनाच होता. पत्र लिहिताना हात आपोआप 'जिल्हा उस्मानाबाद' लिहून मोकळा व्हायचा. दुकानदार, मास्तर, खुद्द पोस्टमन, सगळे चुकायचे. नरसिंगनं तर कंपनीच्या पहिल्या मीटिंगमध्ये उभं राहून "मी नरसिंग बिरादार, जिल्हा उस्मा..." इथपर्यंत येऊन खोकला काढला होता.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. मुंबईच्या नकाशावर नद्या बारा महिने निळ्याच असतात. मांजरा त्यावर निळीशार वाहत होती. प्रत्यक्षात त्या साली तिच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती, आणि चेंडू हरवला तर वाळूत हरवत होता. विहिरींचे तळ दिसायला लागले होते. टँकर आला की गाव धावायचं आणि गेला की पुढच्या टँकरच्या गोष्टी करत बसायचं. माणसं अंघोळीला 'अंग पुसणं' म्हणायला लागली होती. अशा मुलखात नरसिंग टाय लावून साबण विकत होता.

एकदा टँकरच्या रांगेपाशी त्यानं धीर करून गुलछडी साबणाची वडी काढली. गुलाबी कागद, वर फुलाचं चित्र. म्हणाला, "मावशी, वास तर घेऊन बघा."

रांगेतल्या बाईनं वास घेतला. पुढच्या बाईला दिला. वडी साऱ्या रांगेच्या नाकाखालून फिरून परत आली.

"वास लई झ्याक हाय," पहिली म्हणाली. "पण लावल्यावर धुवायचं कशानं? तुझा टाय पिळू काय?"

रांग हसली. टँकरचा ड्रायव्हर हसला. घामानं टाय खरोखरच पिळण्याजोगा झाला होता, त्यामुळं नरसिंगलाही हसणं भाग पडलं.

चैत्रात सोलापूरच्या डेपोत बोलावणं आलं. मुंबईहून मोठे साहेब आले होते. बारीक, गोरे, चष्मा लावणारे. आवाज इतका मऊ की माणूस नोकरीवरून काढला गेलाय हे त्याला बसस्टँडवर पोचल्यावर कळावं. त्यांनी नरसिंगला समोर बसवलं, पंखा त्याच्याकडं वळवला, आणि म्हणाले, "बिरादार, लातूरची विक्रीची लाइन बंद करायची असं मुंबईत चाललंय. निलंगा-औसा सोलापूरला जोडू. उदगीर-देवणी नांदेडला. तुम्हाला आम्ही सोडणार नाही. रत्नागिरीला जागा आहे. तिकडे पाणी खूप."

नरसिंगनं खुर्ची पुढं ओढली. त्यानं मनातला सगळ्यात मोठा प्रश्न विचारला, "साहेब, तिकडं ज्वारीची भाकरी मिळते का?"

साहेब विचारात पडले. "भात चांगला मिळतो," ते म्हणाले.

शेजारच्या खुर्चीत नांदेडचा सेल्समन हणमंतराव बसला होता. वयानं मोठा, बोटात खड्याची अंगठी. उदगीर-देवणी आपल्या पानात वाढली जाणार हे ऐकून त्याच्या मिशीचे दोन्ही शेंडे वर आले होते. पण माणूस मनानं वाईट नव्हता. त्यानं नरसिंगच्या मांडीवर थाप मारून दिलासा दिला, "आरे, रत्नागिरीला मासे खाशील मासे!"

"आमच्या घरात अंडं बी येत न्हाई, हणमंतराव."

"मग आंबे खा."

साहेबांनी चष्मा पुसला. नरसिंगचं तोंड बघून त्यांना काहीतरी वाटलं असावं. "हे बघा," ते म्हणाले, "माल विकला जात नाही हे मला समजतं. पण निदान दिसू तरी द्या. पुढच्या महिन्यात डिस्प्लेची स्पर्धा आहे. दुकानात माल मांडायचा. ज्या जिल्ह्याची मांडणी उत्तम, त्या जिल्ह्याला शील्ड. मी स्वतः बघायला येणार. लातूरनं काही करून दाखवलं तर लाइनचं मला मुंबईला सांगता येईल."

शील्ड गेली कित्येक वर्षं हणमंतराव नेत होता. नांदेडला काचेच्या कपाटांची दुकानं, रंगीत दिवे, फिरतं चाक. देवणीला काय होतं? गुरुलिंगअप्पांचं दुकान होतं.

गुरुलिंगअप्पा म्हणजे कंपनीचे देवणीचे डीलर. दुकानाला काच नव्हती. सकाळी फळ्या काढल्या की दुकान उघडं, संध्याकाळी फळ्या लावल्या की बंद. दुकान पुढं, घर मागं, आणि मध्ये लांबरुंद ओसरी. गोदामात न खपलेला माल छतापर्यंत गेला होता. घरातल्या मांजराच्या अंगाला गुलछडीचा वास यायचा आणि उंदीर त्याला फुलाचं झाड समजून जवळ यायचे, असं अप्पा सांगत. खरंखोटं मांजराला माहीत.

नरसिंगनं ओसरीवर बसून सगळी हकिकत सांगितली. अप्पांनी सुपारी कातरत ऐकली आणि उसासा टाकला. त्यांच्या डोक्यात लेकीचं लग्न होतं. सिंधुचं लग्न देगलूरच्या घरी ठरलं होतं, आणि ऐन दुष्काळात मांडव घालायचा होता. पाहुण्यांना जेवण कसंही देता येईल, पण पाणी कुठून आणायचं या काळजीनं त्यांची सुपारी दिवसेंदिवस बारीक होत चालली होती.

आतून आवाज आला, "नरसिंगा, ते डिसपेल का काय म्हणतोस, ते म्हंजे काय असतंय?"

हा आवाज धुरपताअक्काचा. अक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला तशी माहेरी आली आणि आल्या दिवसापासून घराचा कारभार हातात घेतला. पण तिची खरी सत्ता होती ती रुखवतावर. देवणीतून सासरी गेलेल्या कुठल्याही मुलीचं रुखवत अक्काच्या हाताखालून गेल्याशिवाय मांडवात गेलं नव्हतं. अक्का लाडवांचं तुळशीवृंदावन करायची, शेवयांची नदी करायची, पापडांचा मोर करायची. वरपक्षाच्या बायका खोड काढायला यायच्या आणि तोंड उघडं टाकून परत जायच्या.

नरसिंगनं समजावलं, "अक्का, डिस्प्ले म्हंजे आपला माल असा मांडायचा की चार माणसं थांबून बघतील. बघणारा म्हणला पायजे, वा! काय घर हाय!"

अक्का दारात येऊन उभी राहिली. "आन् मांडतंय कोण?"

"ज्याचा माल हाय त्यो."

"आन् बघतंय कोण?"

"बाहेरून आलेले मोठे लोक. खोड काढायलाच येतेत."

"आरं मग हे रुखवतच की रे!" अक्का म्हणाली. "येवढ्यासाठी मुंबईहून माणूस येऊन राहिला?"

अक्काच्या मनात एक सल होती. अप्पांनी बजावलं होतं, साखर महाग, तेल महाग, सिंधुचं रुखवत साधंच करायचं; ताटभर लाडू, ताटभर करंज्या, बस्स. आख्ख्या गावाची रुखवतं ज्या बाईनं केली, तिच्या सख्ख्या भाचीचं रुखवत ताटभर! ती गोदामाच्या दारापाशी गेली. छतापर्यंत गेलेल्या पांढऱ्या, गुलाबी, निळ्या, काळ्या खोक्यांकडं तिनं एकदा खालून वर पाहिलं आणि पदर खोचला.

पुढं जे झालं त्याला नरसिंग फक्त साक्षीदार होता. अक्कानं हुकूम सोडायचे, त्यानं खोकी उचलायची. पिठाची खळ शिजली, सुतळ्या आल्या. सांगाडा भरायला कडबा मागितला तेव्हा अप्पा पहिल्यांदा चिडले, "अक्का, खऱ्या बैलाला कडबा न्हाई, खोट्याला कुठला घालू?" म्हणून सांगाडा रिकाम्या खोक्यांचा झाला.

आणि उभा राहिला बैल. साधासुधा नव्हे, देवणीचा वानेरा, अंगानं पांढराशुभ्र आणि तोंडानं काळाभोर. ज्या गावाच्या नावावर बैलांची जात आहे त्या गावात बैल कसाही करून चालत नाही. अंग धवला साबणाच्या पांढऱ्या वड्यांचं, तोंड सोनसकाळ चहाच्या काळ्या पुड्यांचं, शिंगं दंतमंजनाच्या लांबोळ्या डब्यांची. गळ्याखाली लोंबणारी पोळी गुलछडीच्या गुलाबी कागदांची, ती वाऱ्यावर हलायची. बाजारातले दलाल येऊन बघून गेले. एकानं सवयीनं दात बघायला तोंडात हात घातला.

बैलाच्या एका बाजूला लातूरची नवी कलेक्टर कचेरी, साबणाच्या भिंती आणि काड्यापेटीचं छप्पर. दुसऱ्या बाजूला विहीर. वड्यांचं गोल बांधकाम, आत काठोकाठ निळीची भुकटी, आणि मधोमध फुटक्या आरशाचा तुकडा, असा की आत वाकून बघितलं की पाणी चमकल्यासारखं व्हावं. त्या विहिरीपाशी हसणारी माणसंही आत डोकावायची. सटवाजी नावाचा एक म्हातारा रोज काठी टेकत यायचा आणि वाकून बघायचा.

"अक्का, किती पुरुष पाणी हाय?"

"बारमाही हाय, सटवाजीदादा. घ्या पिऊन."

"बगूनच गार वाटतंय," म्हातारा म्हणायचा आणि खरोखर ताजातवाना होऊन जायचा.

साहेबांची तार आली. ते ज्या दिवशी येणार त्याच्या आदल्याच दिवशी सिंधुचं लग्न होतं. नरसिंगला हे उत्तम वाटलं. ओसरी सजलेली, मांडव ताजा, साहेब खूश. लग्न यथासांग पार पडलं. देगलूरच्या विहीणबाई, तारामतीबाई, खोड काढण्यात नावाजलेल्या. मागच्या सोयरिकीत त्यांनी करंजीच्या मुरडी मोजून नावं ठेवली होती म्हणे. त्या ओसरीवर आल्या, बैलासमोर उभ्या राहिल्या, आणि त्यांना खोड सुचेना. पहिल्यांदाच असं झाल्यामुळं त्या जरा घाबरल्यासुद्धा.

अक्षता पडल्या, जेवणं झाली. नरसिंगला उदगीरच्या विश्रामगृहावर साहेबांना गाठायचं होतं. एस.टी. पकडण्याआधी तो अप्पांना म्हणाला, "बैलाला जपा, अप्पा. उद्या सकाळी घेऊनच येतो साहेबांना."

"तू बिनघोर जा," अप्पा म्हणाले. आणि नरसिंग बिनघोर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची गाडी देवणीत शिरली. साहेब वाटेतली वाळलेली रानं बघत आले होते. नरसिंग मात्र फुलला होता. "साहेब, आता बगा. डोळं मिटून उतरा आन् मग उघडा." साहेब भले माणूस, खरंच डोळे मिटून उतरले. नरसिंगनं त्यांचा हात धरून ओसरीपुढं उभं केलं आणि म्हणाला, "हां! उघडा!"

साहेबांनी डोळे उघडले. ओसरीवर मांजर झोपलं होतं. बाकी काही नव्हतं.

बैल नाही, विहीर नाही, कलेक्टर कचेरी नाही. खाली एक दंतमंजनाची डबी पडली होती, बहुधा शेपटीची.

"बिरादार," साहेब मऊ आवाजात म्हणाले, "माल कुठे आहे?"

अप्पा बाहेर आले. रात्रभर लेकीच्या आठवणीनं रडलेले डोळे. नरसिंगला बघून त्यांनी मान खाली घातली.

"अप्पा! बैल?"

"गेला."

"गेला म्हंजे? कुठं गेला?"

"सिंधुसंगट गेला. वऱ्हाडानं ट्रकात चढवला."

"आन् तुमी बघत बसला?"

"नरसिंगा, समजून घे," अप्पा काकुळतीला आले. "मांडवात मांडलेलं समदं रुखवत वरपक्षाचं असतंय. त्याइनी बैलाला हात घातला. आता लेकीचा बाप म्हणून मी मधी पडू, आन् म्हणू, 'पाव्हणं, येवढं ठेवा, हे कंपनीचं हाय'? जल्मभर पोरीला ऐकावं लागंल. 'तुझ्या बापानं रुखवत माघारी ठेवून घेतलं.' माझ्या तोंडातून शब्द फुटंना. उलट म्हणलो, शिंगं संभाळा, नाजूक हायती."

"आन् अक्का?"

"अक्का पाठराखीण म्हणून गेली सिंधुसंगं. ट्रकात बैलाशेजारीच बसली."

साहेबांना रुखवत म्हणजे काय, पाठराखीण म्हणजे काय आणि आपण इथं काय करतोय, यातलं काहीच कळलं नव्हतं. नरसिंगच्या डोळ्यांसमोर मात्र रत्नागिरीचा समुद्र आणि भाताचं ताट स्पष्ट दिसायला लागलं. तो मटकन पायरीवर बसला. मग एकदम उठला. टाय सरळ केला. "साहेब," तो म्हणाला, "डिस्प्ले लग्नाला गेलाय. गाडीत बसा."

देवणी ते उदगीर आणि उदगीर ते देगलूर हा रस्ता नरसिंगनं आयुष्यात पुष्कळदा केला होता. पण त्या दिवशीसारखा कधी नाही. उदगीरच्या नाक्यावर शिपायानं गाडी अडवली.

"काल साबणाचा बैल गेला का हिकडून?" नरसिंगनं डोकं बाहेर काढलं.

"गेला की!" शिपाई उजळला. "पुढं बँड, मागं ट्रक. जकात लावावी म्हणलं, तर कशाची लावू? गुराची का साबणाची? ती म्हातारी म्हणली, लेकीच्या रुखवताला हात लावशील तर बघ. सोडलं मग."

पुढच्या गावात हॉटेलवाल्यानं चहाचे पैसेच घेतले नाहीत. "तुमी त्या बैलाची माणसं? माझ्या मेव्हणीचं लगीन हाय पुढच्या महिन्यात. तसली विहीर पायजे. माल कुणाकडं मिळतो?"

"माझ्याकडं," नरसिंग म्हणाला. तोंडातून निघालं आणि मग त्याला ऐकू आलं.

त्याच्या पुढच्या गावात एक किराणा दुकानदार रस्त्यातच उभा होता. सकाळपासून बायका येऊन गुलाबी साबण मागत होत्या. एक नाही, टोपलीभर. बैलाच्या पोळीला किती लागतो, असं विचारत होत्या. त्यानं नरसिंगचा टाय ओळखला आणि गाडीच्या दाराला लटकला. नरसिंग ऑर्डर लिहीत राहिला, गाडी हळूहळू पुढं जात राहिली आणि दुकानदार बराच वेळ तिच्याबरोबर पळत राहिला.

साहेबांनी मागं टेकून विचारलं, "बिरादार, यांच्या गावात पाणी आलं का?"

"न्हाई साहेब."

"मग साबण कशाला पाहिजे?"

नरसिंगलाही ते आत्ताच उमगत होतं. "धुवायला न्हाई पायजे, साहेब. मांडायला पायजे. साखर परवडत न्हाई, तेल परवडत न्हाई. पण पोरीचं रुखवत तर भरघोस दिसलं पायजे का न्हाई? साबणाला मुंग्या लागत न्हाईत, वास मारत न्हाई. सासरी गेलं की वर्षभर पुरतंय. पाऊस आला की वापरतील."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वाटेत त्यांचं हे तिसऱ्यांदा झालं होतं. चष्मा मात्र स्वच्छच होता.

देगलूरला पोचले तेव्हा तारामतीबाईंच्या घरापुढं जत्रा भरली होती. मराठी, कानडी, तेलुगू, तिन्ही भाषांत बैलाचं कौतुक चाललं होतं. अंगणात तो उभा होता. प्रवासात एक कान गळला होता, कलेक्टर कचेरीची एक भिंत ढासळली होती, पण विहीर काठोकाठ भरलेली. विहिरीपाशी अक्का खुर्ची टाकून बसली होती, काठी घेऊन. पोरं निळीत बोट बुडवायला आली की काठी हलायची.

आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून, गळ्यात हार घालून, फोटोवाल्यासमोर कोण उभा होता? हणमंतराव! देगलूर त्याच्या लाइनवर. सकाळी बाजारात आला, गर्दी दिसली, कंपनीचा माल ओळखला, आणि माणूस जागच्या जागी धन्य झाला.

"या साहेब, या!" त्यानं हात जोडले. "नांदेड जिल्ह्याचा डिस्प्ले बगा!"

"हणमंतराव!" नरसिंग ओरडला. "बैल माझा हाय!"

"कुठं उभा हाय? देगलुरात. देगलूर कुठल्या जिल्ह्यात? नांदेड." हणमंतराव शांतपणे म्हणाला. "मी काय माझ्या मनानं बोलून राहिलो का? कंपनीचा नियम हाय. माल ज्या हद्दीत, मार्क त्या हद्दीला."

नरसिंगनं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी दुःखानं मान हलवली. नियम खरा होता. "बिरादार, हद्द तर नांदेडचीच आहे," ते म्हणाले. "मला मुंबईला असं कसं लिहिता येईल की लातूरचा डिस्प्ले नांदेडमध्ये उभा आहे?"

नरसिंगनं खिसा चाचपला. बैल डोळ्यांसमोर, ऑर्डरी खिशात, आणि लाइन मात्र हद्दीपलीकडं चाललेली. अक्का काठी टेकून उठायला लागली. पण तिच्या आधी घरातून दुसराच आवाज आला.

"कोण म्हणतंय नांदेडचं?"

तारामतीबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या. पाठीमागं नव्या नवरीच्या हिरव्या चुड्यात सिंधु. गर्दीनं वाट केली.

"हणमंतराव, बैलाच्या पाठीवरचा हात काढा आधी," तारामतीबाई म्हणाल्या. हणमंतरावनं काढला. त्या घरात कुणाचाही हात त्यांच्या शब्दापुढं टिकत नसे. "तुमचं लगीन झालंय का न्हाई?"

"झालंय की, बाई."

"मग येवढं कळंना? पोरगी सासरी आली की ती सासरची झाली. सिंधु आता देगलूरची, नांदेड जिल्ह्याची, हे कबूल. पण रुखवत? रुखवत कुठं बी जाऊ द्या, काशीला जाऊ द्या, ते माहेरचंच म्हणायचं. काल रात्रीपासून हे समदं गाव घरात येऊन विचारून राहिलंय, कुठलं रुखवत, कुठलं रुखवत? मी काय सांगितलं? नांदेडचं सांगितलं? माझ्या सुनेच्या माहेरचं नाव पुसायला निघालाव व्हय?"

अक्का खाली बसली. तिला आता काही बोलायची गरज राहिली नव्हती. विहीणबाईनं, खोड काढणाऱ्या तारामतीबाईनं, भर अंगणात तिच्या रुखवताची बाजू घेतली होती. अक्कानं पदर डोळ्यांना लावला आणि त्यातूनच काठी पोरांवर हलवली.

साहेब बावरले होते, पण कुठं बघायचं ते त्यांना कळत होतं. ते तारामतीबाईंकडं वळले आणि आपल्या मुंबईच्या मराठीत अदबीनं विचारलं, "बाई, मग मी काय लिहू? हे कुठलं आहे?"

तारामतीबाईंनी उत्तर द्यायच्या आधीच गर्दीनं दिलं. म्हाताऱ्यांनी दिलं, बायकांनी दिलं, रात्रभर ऐकून पाठ झालेल्या पोरांनी तर बेंबीच्या देठापासून दिलं:

"देवणीचं! जिल्हा लातूर!"

नरसिंगच्या अंगावर काटा आला. आख्ख्या लातूर जिल्ह्यात एवढी माणसं एका दमात न चुकता 'जिल्हा लातूर' म्हणालेली त्यानं कधी ऐकली नव्हती. आणि ती म्हणाली तीही नांदेड जिल्ह्यात. कुणाच्या जिभेवर उस्मानाबाद आलं नाही. अगदी त्याच्यासुद्धा, कारण तोही ओरडत होता.

साहेबांनी लिहिलं. मग हणमंतरावनं आपल्या गळ्यातला हार काढला, क्षणभर हातात धरला आणि नरसिंगच्या गळ्यात घातला, टायवरून. "घे," तो म्हणाला. "पण साल्या, शील्ड गेली म्हणून मलाच रत्नागिरीला मासे खायला धाडलं म्हंजे?"

"तुमी आंबे खा, हणमंतराव."

लाइन बंद झाली नाही. त्या लग्नसराईत निलंग्यापासून अहमदपूरपर्यंत साबणाचे बैल, साबणाच्या गाई, साबणाची देवळं मांडवामांडवात उभी राहिली. भरलेली विहीर तर प्रत्येकीला हवी. अक्का गाडीत बसून गावोगाव जाऊ लागली आणि नरसिंग तिच्या पायाशी खोकी घेऊन. गुरुलिंगअप्पांचं गोदाम रिकामं झालं आणि मांजर पुन्हा मांजराच्या वासाचं झालं. मुंबईच्या हापिसात मात्र मोठं कोडं पडलं: राज्यात सगळ्यांत कमी पाणी असलेल्या मुलखात साबणाची मागणी एवढी का वाढावी? कुणीतरी तर्क लढवला, उन्हाळ्यामुळे लोक जास्त वेळा अंघोळ करत असावेत. मोठे साहेब त्या मीटिंगला होते. त्यांनी चष्मा पुसला आणि तो तर्क तसाच जाऊ दिला.

शील्ड आली. लाकडी, पितळी पत्र्याची, वर कोरलेलं 'लातूर'. नरसिंगनं ती नागुबाईला दाखवली, नागुबाईनं गल्लीला दाखवली, आणि मग तो ती स्वतः देवणीला घेऊन गेला. "अक्का, ही तुमची." अप्पांनी दुकानात मधोमध खिळा ठोकला, शील्ड टांगली, खाली उदबत्ती लावली.

आज तुम्ही त्या दुकानात गेलात तर शील्ड दिसायची नाही. पुढच्याच साली अप्पांच्या पुतणीचं लग्न निघालं. अक्कानं रुखवत मांडलं, आणि शोभेला म्हणून मधोमध शील्ड ठेवली. वऱ्हाड निलंग्याचं होतं. त्यांनी सगळं ट्रकात चढवलं.

अप्पा बघत होते. 'येवढं ठेवा' म्हणायचं कसं?

खिळा मात्र अजून आहे. नरसिंग अजूनही त्या दुकानात गेला की टाय सरळ करतो आणि नव्या माणसाला तो खिळा दाखवतो. "ह्या खिळ्यावरची शील्ड," तो छाती काढून सांगतो, "निलंग्याला दिलीय आमी. पण हाय आमचीच."